आमच्या मुलींचा खो-खो



कामगार संघटनेच्या माणसाला व्याख्यानास बोलावले म्हणजे तो वेतन, बोनस आणि संप यांवर बोलणार अशी अपेक्षा असते, आणि ती गैर नाही. परंतु ह्या वर्षी चिटणीसांनी विषय माझ्यावर सोडला आणि मी खो-खोचे नाव घेतले, तेव्हा ते जरा हसले. खो-खोला कसला आला आहे इतिहास, असे त्यांना विचारावयाचे होते. माणूस भिडस्त, म्हणून विचारले नाही. त्यांनी न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी मी आज उभा आहे.

१९ जानेवारी २०२५ रोजी नवी दिल्लीच्या इंदिरा गांधी क्रीडागारात खो-खोच्या पहिल्या विश्वचषकाचे अंतिम सामने झाले. महिलांच्या सामन्यात भारताने नेपाळला ७८ विरुद्ध ४० गुणांनी हरविले. करंडक उचलणारी कर्णधार प्रियांका इंगळे मूळची बीड जिल्ह्याची, पुण्याकडे वाढलेली. त्याच संध्याकाळी पुरुषांनीही नेपाळलाच हरविले आणि त्या संघाचा कर्णधार प्रतीक वाईकर हाही आपल्याच राज्याचा. दुसऱ्या दिवशी जो तो म्हणू लागला, की शाळेच्या मधल्या सुटीतला हा खेळ एकाएकी केवढा मोठा झाला!

हा 'एकाएकी' शब्द माझ्या कानाला खटकतो. संप झाला म्हणजे मालकही असेच म्हणतो, की काल तर सारे ठीक होते, एकाएकी काय बिघडले? ज्यांनी सहा-सहा महिने पाळी सुटल्यावर वस्तीत बैठका घेतल्या, त्यांना एकाएकी काही घडलेले दिसत नाही. खो-खोच्या बैठकाही अशाच पुष्कळ झाल्या आहेत, आणि त्यांतली एक जागा आपल्यापासून हाकेच्या अंतरावर, अमरावतीस आहे.

खेळ किती जुना, ह्या वादात मी शिरत नाही. कोणी त्याचा संबंध महाभारतातल्या रथांशी लावतात. लावोत बापडे. जुनेपणाने खेळ मोठा होत नाही. तसे म्हटले तर विटीदांडूही जुनाच आहे. खेळ मोठा होतो तो नियम कागदावर उतरल्याने. तोंडी बोलीवर काम करणाऱ्या मजुराची जी अवस्था, तीच तोंडी नियमांवर चालणाऱ्या खेळाची. ज्याचा आवाज मोठा, त्याचे म्हणणे खरे. पुण्याचा डेक्कन जिमखाना १९०६ साली निघाला आणि १९१४ साली तेथे खो-खोचे नियम प्रथम बांधले गेले. लोकमान्य टिळक मंडालेहून सुटून आले, तेच हे वर्ष. पुढे १९२४ साली बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने आपली नियमावली काढली. पाठलाग करणाऱ्याने उलट फिरावयाचे नाही, मधली पाटी ओलांडावयाची नाही, बसलेल्या गड्यास पाठीमागूनच खो द्यावयाचा, ह्या गोष्टी आज आपणास जन्मजात वाटतात. त्या कोणीतरी बसून, भांडून, ठरविल्या आहेत.

त्याच १९१४ साली अमरावतीस अनंतराव आणि अंबादासपंत या वैद्य बंधूंनी तो आखाडा सुरू केला, ज्याचे पुढे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झाले. पुण्यात नियम बांधले जात असताना आपल्या वऱ्हाडात ते नियम पाळणारी शरीरे घडविण्याची सोय होत होती. हा योगायोगच. परंतु बावीस वर्षांनी, १९३६ साली, ह्याच मंडळाचा संघ बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी जर्मनीस गेला आणि खो-खोसह आपले देशी खेळ त्याने तेथे करून दाखविले, हा योगायोग नव्हता. अमरावतीहून मुंबई, मुंबईहून आगबोट, आणि ध्वज कोणता मिरवावा हा प्रश्न उरी घेऊन निघालेली, परसत्तेखालील देशाची ती पोरे! आपल्या जिल्ह्याच्या शाळांतून हा प्रसंग इतिहास म्हणून शिकविला जात नाही, याचे मला नेहमी आश्चर्य वाटते.

मात्र अभिमानाच्या भरात एक गोष्ट निसटू देऊ नये. बर्लिनला खेळ दाखविला गेला, खेळला गेला नाही. दाखविणे आणि खेळणे यांत फार अंतर आहे. दाखविताना समोरचा टाळ्या वाजवितो आणि विसरतो. खेळताना समोरच्याला तुमचे नियम शिकावे लागतात, तुमच्याशी हुज्जत घालावी लागते, तुम्हांला हरविण्याची इच्छा धरावी लागते. १९८२ सालच्या दिल्लीच्या एशियाडमध्येही खो-खो पुन्हा प्रात्यक्षिक म्हणूनच आला. म्हणजे बर्लिन ते दिल्ली ही शेहेचाळीस वर्षे आपण जगाला खेळ दाखवीतच होतो. पहिली आशियाई स्पर्धा कोलकात्यास झाली ती १९९६ साली.

आता मुलींकडे वळतो, कारण आजचे माझे खरे बोलणे त्यांच्याविषयी आहे.

वऱ्हाडात मुलींनी खेळणे नवे नाही. भाद्रपद-आश्विनात भुलाबाई बसते तेव्हा आळीतल्या पोरी घरोघर जातात, फेर धरतात, फुगड्या घालतात. सासुरवाशीण माहेरी आली म्हणजे तिलाही त्या फेरात जागा असते. ह्याला आमच्या वाडवडिलांनी कधी हरकत घेतली नाही. त्यांची हरकत होती ती मोजण्याला. मुलीने मोकळ्या मैदानात, चार लोकांदेखत पळावे, कोणी शिट्टी वाजवावी, कोणी घड्याळ लावावे आणि शेवटी अमकी जिंकली, तमकी हरली असे जाहीर करावे, हे त्यांना मानवत नव्हते. अंगणातली फुगडी म्हणजे हौस आणि मैदानातला खो-खो म्हणजे कर्तृत्व. हौसेला परवानगी होती.

ह्या पार्श्वभूमीवर काही सनावळ्या पाहा. पुरुषांची पहिली राष्ट्रीय खो-खो स्पर्धा १९५९-६० साली विजयवाड्यास झाली. महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९६०-६१ साली कोल्हापुरास. अंतर एका वर्षाचे! खो-खोतला पहिला अर्जुन पुरस्कार १९७० साली सुधीर परब यांना मिळाला, आणि १९७१ साली तो अचला देवरे यांना. पुन्हा एकच वर्ष. दोन्ही नावे मराठी आहेत हे सहज सांगून ठेवतो. राष्ट्रीय स्पर्धेतील सर्वोत्तम पुरुष खेळाडूस एकलव्याच्या नावाचा आणि महिला खेळाडूस राणी लक्ष्मीबाईच्या नावाचा पुरस्कार देण्याची प्रथा आहे. धाकट्या मुलींच्या गटातील पुरस्कारास मात्र जानकीचे नाव आहे. जानकीने पळापळ केल्याचे माझ्या ऐकिवात नाही, असो. २०१६ साली गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई खेळांत भारतीय महिलांनी सुवर्णपदक घेतले, आणि २०२५ च्या विश्वचषकात स्त्रिया व पुरुष एकाच आठवड्यात, एकाच छताखाली खेळले. महिलांचा करंडक हिरवा, पुरुषांचा निळा. फरक रंगापुरता.

ही बरोबरी किती दुर्मीळ आहे ते कळावे म्हणून थोडे दूर, स्कॉटलंडात जाऊ. तेथे कर्लिंग नावाचा खेळ आहे. हिवाळ्यात तळी गोठली म्हणजे शेतकऱ्यांना काम नसे. अशा वेळी बर्फावरून जड दगड घसरवीत न्यावयाचा आणि आखलेल्या वर्तुळाच्या मध्याशी आणून थांबवावयाचा, असा हा रिकामपणचा उद्योग. दगड जवळजवळ वीस किलोचा, एल्सा क्रेग नावाच्या बेटावरील ग्रॅनाइटचा. एकाने तो सोडावयाचा आणि दोन गड्यांनी त्याच्यापुढे झाडू मारीत धावावयाचे, म्हणजे बर्फ गुळगुळीत होऊन दगड दूरवर व सरळ जातो. ऐकून हसू येते खरे, पण आपला खेळ पाहून परकीयासही असेच हसू येत असेल, की आठ जण ओळीने उकिडवे बसले आहेत आणि एक जण दुसऱ्याच्या पाठीत थाप मारून ओरडतो आहे!

त्या खेळाचेही आपल्यासारखेच झाले. १८३८ साली एडिंबरोस संस्था निघाली आणि नियम एकसारखे झाले. १९५९ साली स्कॉटलंड आणि कॅनडा यांच्यात पुरुषांचा सामना ठरला. त्यातून पुरुषांची जागतिक स्पर्धा उभी राहिली, आणि तिला पैसा पुरविला तो व्हिस्की गाळणाऱ्यांच्या संघाने. स्त्रियांच्या जागतिक स्पर्धेस मात्र १९७९ साल उजाडावे लागले. पुरुषांनंतर वीस वर्षांनी, आणि नियम लिहिल्यानंतर एकशे एकेचाळीस वर्षांनी! हिवाळी ऑलिंपिकचे पाहा. १९२४ साली फ्रान्समध्ये शामोनीस पुरुष कर्लिंग खेळले. स्त्रियांना ऑलिंपिक पदक मिळण्याची संधी आली ती १९९८ साली जपानमध्ये नागानोस, आणि ते पहिले सुवर्णपदक कॅनडाच्या स्त्रियांनी नेले. म्हणून पुढारलेल्या देशांकडे बोट दाखवून कोणी आम्हांला स्त्रीसमानतेचे धडे देऊ लागला, तर त्यास कोल्हापूरची तारीख सांगावी.

परंतु त्या १९७९ सालच्या स्पर्धेत दुसरीही एक गोष्ट आहे, आणि ती आपल्याला गोड लागणारी नाही. स्त्रियांची ती पहिली जागतिक स्पर्धा स्कॉटलंडातच, पर्थ शहरी भरली. खेळ त्यांचा, गाव त्यांचा, बर्फ त्यांचा. आणि चषक कोणी नेला? स्वित्झर्लंडच्या मुलींनी! स्कॉटिश मंडळींना त्या रात्री काय वाटले असेल ते असो, पण माझ्या मते कर्लिंग हा खऱ्या अर्थाने जगाचा खेळ झाला तो त्या दिवशी. घरचे यजमान ज्या खेळात हरू शकतात, त्याच खेळात पाहुणे मन लावून उतरतात.

आता हीच फूटपट्टी दिल्लीला लावून पाहू. आपल्या मुलींनी दक्षिण कोरियास १७५-१८ असे हरविले, इराणला १००-१६, मलेशियास १००-२०. उपांत्यपूर्व फेरीत बांगलादेश १०९-१६, उपांत्य फेरीत दक्षिण आफ्रिका ६६-१६. आकडे ऐकून आपली छाती फुगते, माझीही फुगली. पण १७५-१८ ह्याला लढत म्हणत नाहीत, शिकवणी म्हणतात. कोरियाच्या त्या मुली मैदानात उतरल्या आणि शेवटपर्यंत धावल्या, हीच त्यांची कमाई. खरा सामना झाला तो शेवटचा. पहिल्या पाळीत आपण ३४ गुण घेतले, नेपाळने दुसऱ्या पाळीत २४ परत केले. म्हणजे समोरच्या मुलींना खो-खो येत होता, आणि चांगला येत होता. तिसऱ्या पाळीत आपण ७३ पर्यंत गेलो. चौथीत चैत्रा ह्या कर्नाटकाच्या मुलीच्या तुकडीने पाच मिनिटांहून अधिक वेळ हुलकावण्या देत नेपाळला झुलविले, आणि सामना तेथेच संपला. पाठलागात गुण मिळवावे लागतात, पण पळतीत नुसते टिकून राहण्यालाही गुण आहेत, ही नव्या नियमांतली सुधारणा मला फार आवडली. टिकून राहण्याचे मोल आमच्या धंद्यातल्या माणसास वेगळे सांगावे लागत नाही.

करंडकाचे झाले, आता भाकरीचे बोलू.

धाराशिवची सारिका काळे २०१६ साली गुवाहाटीस भारताची कर्णधार होती. २०२० साली तिला अर्जुन पुरस्कार मिळाला तेव्हा तिने स्वतःच वृत्तपत्रांना सांगितले, की जवळजवळ दहा वर्षे तिने एक वेळच्या जेवणावर काढली. शिबिरात गेले म्हणजे दोन वेळ पोटभर मिळे. तिला घडविणारे प्रशिक्षक चंद्रजित जाधव हेही धाराशिवचेच. पुढे ती तुळजापुरास क्रीडा अधिकारी झाली. देशाच्या संघाची कर्णधार एक वेळ उपाशी होती, ही बातमी वाचून लोकांनी कौतुक केले. मला कौतुक सुचले नाही. उपाशी पोटी पदक आणले म्हणून उपाशीपणाचा सत्कार करावयाचा काय?

खो-खो गरिबाच्या घरी रुजला त्याचे कारण त्याला काही लागत नाही. बॅट नाही, बॉल नाही, जाळे नाही. दोन खांब आणि फक्की एवढ्यावर काम भागते. आणि ज्या खेळाला काही लागत नाही, त्यात विकण्यासारखेही काही नसते, म्हणून व्यापाऱ्याचे लक्ष त्याच्याकडे कधी गेले नाही. २०२२ साली पुण्यास व्यावसायिक लीग सुरू झाली तेव्हा पैसा आला खरा, पण ती लीग पुरुषांचीच होती. एका वर्षाच्या अंतराने मागोमाग येणाऱ्या मुली, पैशाचा प्रश्न येताच दाराबाहेर राहिल्या. नियमांत, राष्ट्रीय स्पर्धांत, पुरस्कारांत जी बरोबरी साधली, ती मजुरीत साधली नाही. कारखान्यातही मी हेच पाहत आलो आहे. कामाची पाळी सारखी, पगाराचे पाकीट निराळे.

सरकारने काही केले नाही असे मी म्हणणार नाही. नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के जागा राखण्याचा निर्णय महाराष्ट्राने २००५ साली घेतला, आणि अनेक मुलींच्या घरी चूल पेटली ती त्यामुळे. विश्वचषकानंतर महाराष्ट्राच्या विजेत्या खेळाडूंना प्रत्येकी सव्वादोन कोटी रुपये आणि सरकारी नोकरी जाहीर झाली. शेजारच्या कर्नाटकाने आपल्या दोघा विजेत्यांना, म्हणजे पुरुष संघातील गौतम आणि महिला संघातील चैत्रा यांना, पाच-पाच लाख देऊ केले, तेव्हा त्या दोघांनी महाराष्ट्राचा दाखला देत ते नाकारले. त्यांना लोभी म्हणणारेही निघाले. मी म्हणतो, सारख्या कामाला सारखे दाम, ही मागणी त्या दोघांनी कोणत्याही संघटनेशिवाय, दोन वाक्यांत मांडली. आम्हांला तेवढ्यासाठी ठरावाची चार पाने लागतात.

आणखी एक प्रश्न उभा आहे. विश्वचषक मॅटवर खेळला गेला. खेळ मातीवरून मॅटवर गेला म्हणजे गुडघे-कोपरे वाचतात, सूर निर्धास्त मारता येतो, हे खरे. पण आमच्याकडची काळी माती पावसाळ्यात पायाला चिकटते आणि उन्हाळ्यात तिला बोट जाईल अशा भेगा पडतात. मैदान करावयाचे तर ट्रॉलीभर मुरूम आणून दाबावा लागतो, आणि त्याचेच पैसे जमत नाहीत तेथे मॅट कोठून आणावयाची? ज्या खेळाला काही लागत नव्हते, त्याला आता लागू लागले आहे. उद्याचा संघ मॅट असलेल्या शहरांतूनच निवडला जाऊ लागला, तर सारिका काळेसारखी मुलगी पुन्हा त्यात कोठून दिसणार, याचे उत्तर पदाधिकाऱ्यांनी द्यावयास हवे. आपल्या नांदगाव पेठेत औद्योगिक वसाहत आहे, २०२४ साली मोठ्या वस्त्रोद्यान प्रकल्पाची पायाभरणीही झाली. त्या सगळ्या एकरांच्या हिशेबात मुलींच्या मैदानासाठी २७ मीटर लांब आणि १६ मीटर रुंद एवढीही जागा राखावी, असे कोणास सुचू नये?

मागे एका कारखान्यातील बाई माझ्याकडे आल्या. मुलीचा तालुक्याचा सामना होता, अर्ध्या दिवसाची रजा हवी होती, मुकादमाने दिली नाही. 'भाऊ, लग्नाला रजा देतात, मयतीला देतात, पोरीच्या खेळाले काऊन नाही देत?' असे त्यांनी मला विचारले. रजेच्या नियमांचे पुस्तक मला बऱ्यापैकी पाठ आहे, त्यात ह्याचे उत्तर नव्हते. पुढच्या मागणीपत्रकात ते कलम घातले. वाटाघाटीत समोरचे साहेब हसले आणि पहिल्याच बैठकीत ते कलम गळाले. दुसऱ्या वर्षी पुन्हा घातले आहे.

आमची ताई शाळेत असताना उत्तम पळती करीत असे. खांबाशी आल्यावर ती अशी काही गिरकी घेई, की मारणारी मुलगी सरळ पुढे निघून जाई. तिची जिल्ह्याच्या संघात निवड झाली. सामने अकोल्यास होते, म्हणजे दोन रात्री मुक्काम. मुलींबरोबर जाण्यास शाळेत एकही बाई शिक्षिका नव्हती, एवढ्याच कारणावरून बाबांनी नाही म्हटले. त्यांचे फार चुकले असे मी आजही म्हणणार नाही. एक बाई असत्या तर ती गेली असती. कोल्हापूरच्या त्या पहिल्या स्पर्धेस ज्या मुली गेल्या, त्यांच्याबरोबर अशी एखादी बाई असलीच पाहिजे. पुढच्या वर्षी ताईचे लग्न झाले.

विश्वचषकाचा अंतिम सामना मी तिच्या घरी बसून पाहिला. आता तिला नातवंडे आहेत आणि गुडघा दुखतो. चौथ्या पाळीत चैत्राची तुकडी पळत होती तेव्हा ती एकाएकी खुर्चीतून पुढे सरकली आणि दूरचित्रवाणीकडे पाहून ओरडली, 'खांब सोड, आतून घे!' त्या मुलीने नेमके तेच केले. मग ताई मागे टेकून बसली आणि मला म्हणाली, 'नेपाळची ती उंच पोरगी चांगली बसते रे. टाच उचलून बसते. आम्हांला कोणी शिकवलं नव्हतं.'